तिथे आहेच काय?

परवा ऑफिसात जेवताना विषय निघाला. आमच्या टीममधली एक मुलगी सुट्टीत घरी जाऊन आली होती. घर म्हणजे परभणीकडे. म्हणाली, "आईबाबांना आता इकडेच घेऊन येणारे. तिथे आहेच काय? बिचारे बोअर होत असतील." टेबलावरच्या सगळ्या माना डोलल्या. एकाने तर लगेच टू बीएचके विकून थ्री बीएचके घेण्याचा हिशोबही मांडला.

मी गप्प बसून डबा खात होतो. कारण हेच वाक्य, शब्दाला शब्द, २०२३ साली मी बोललो होतो. आणि ते किती मूर्खपणाचं होतं हे कळायला मला चार महिने लागले. तेव्हा टेबलावर बोललो नाही, ते आज इथे बोलतो. राग आला तर आधीच माफी मागतो, पण मत बदलणार नाही.

आमचं गाव वाशिम. हे नाव पुण्यात सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "वाशी?" आणि दुसरी, "म्हणजे नक्की कुठे येतं रे ते?" :-) तर ते विदर्भात येतं, अकोल्याच्या खाली आणि हिंगोलीच्या वर. आधी अकोला जिल्ह्यातच होतं. १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ते सांगतात की ३० जूनला रात्री अकोला जिल्हा परिषदेचा मास्तर म्हणून झोपलो आणि सकाळी वाशिम जिल्हा परिषदेचा म्हणून उठलो, पगार मात्र तेवढाच राहिला.

बाबा २००८ साली मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. त्याच वर्षी पूर्णा-अकोला मार्गाचं ब्रॉडगेज झालं आणि आमच्या स्टेशनवरून मोठी गाडी धावायला लागली. त्यांना अजून वाटतं की या दोन घटनांचा काहीतरी संबंध आहे.

आता मूळ गोष्ट. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आईने मला फोन नाही केला. शेजारी केला. शेजारच्या मुलाने गाडी काढली, बाबांचा एक जुना विद्यार्थी सोबत बसला, आणि दोघांनी त्यांना रात्रीच्या पावसात अकोल्याला नेलं. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मला फोन आला तो पहाटे, सगळं मार्गी लागल्यावर. मी गाडी काढली, नऊ तासांनी पोचलो. तोवर बाबा उठून बसले होते आणि सिस्टरला विचारत होते की तिचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं.

मी घाबरलो होतो. आणि घाबरलेला माणूस फार अधिकाराने बोलतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून मी जाहीर केलं, "बस झालं आता. तुम्ही पुण्याला चला. तिथे आहेच काय?" बाबा काही बोलले नाहीत. आजारी माणसाला वाद घालायची ताकद नसते, आणि मी त्याला होकार समजलो.

चार महिने ते माझ्याकडे राहिले. चौदावा मजला, दोन लिफ्ट, खाली 'ज्येष्ठ नागरिक कट्टा' अशी पाटी लावलेले तीन बाक, सकाळी हास्यक्लब. कागदावर सगळं होतं. मी स्वतः रिक्वायरमेंट लिहिली असती तर यापेक्षा चांगली लिहिता आली नसती. बाबा पहिले काही दिवस त्या बाकावर जाऊन बसले. तिथले आजोबा लोक चांगले होते. पण प्रत्येकाचं बोलणं "आमचा मुलगा..." पासून सुरू व्हायचं. कोणी बँकेत अधिकारी होता, कोणी तहसीलदार होता, कोणी शंभर एकराचा मालक होता, पण त्या बाकावर सगळे 'बी विंग अकराशे दोनचे बाबा' होते. आमचे बाबाही तसेच झाले.

एक दिवस खाली पार्किंगमध्ये त्यांना चक्कर आली. खांबाला टेकून खाली बसले. पाऊण तास बसून होते. माणसं येत होती, गाड्या काढत होती, जात होती. नंतर एकाने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "सॉरी यार, मला वाटलं कोणाचा तरी ड्रायव्हर बसलाय."

त्याला दोष देत नाही मी. ड्रायव्हर असता तर विचारायचं नसतं का, हा प्रश्न आहेच, पण मीही तसाच गेलो असतो. सांगायचं एवढंच, की ज्या सुरक्षिततेसाठी मी त्यांना आणलं होतं तिचं हे असं झालं. वाशिममध्ये दुखलं तेव्हा दहा मिनिटांत दोन माणसं आणि एक गाडी दारात होती. पुण्यात तीन हॉस्पिटलं दोन किलोमीटरच्या आत, आणि पाऊण तास कोणी विचारलं नाही.

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "बाबू, तिकीट काढ." एवढंच.

मी त्यांना सोडायला गेलो. स्टेशनपासून घरापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता आहे, आम्हाला सव्वा तास लागला. पानवाला, कटिंगचं दुकान, खताचं दुकान, रिक्षावाला... "काहो गुरुजी, कुठी गेलते इतके दिवस? मले तं वाटलं आता येतच नाई!" प्रत्येकापाशी थांबायचं, प्रत्येकाला आजाराची पूर्ण कहाणी सांगायची. तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं की कहाणीत भर पडत चालली आहे. पाचव्या वेळेपर्यंत अकोल्याच्या डॉक्टरने हात टेकले होते आणि बाबा स्वतःच्या इच्छाशक्तीवर वाचले होते. चार महिन्यांत त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

तर आता बघू, तिथे आहे काय.

बाबा पाचला उठतात. पद्मतीर्थाकडे फिरायला जातात. सोबत चार जण असतात. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक कापडवाले, एक शेतकरी आणि एक असे की ते नक्की काय करायचे हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. येताना बालाजी मंदिर. हे मंदिर १७७९ सालचं, साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधलेलं. बाबांची भक्ती बेताचीच आहे, पण तिथल्या ओट्यावर पाठ टेकून बसायला त्यांना आवडतं. मग घरी चहा आणि पेपर. पेपर एकच, पण वाचणारे तीन घरांतले. पहिलं पान बाबांकडे, तोवर शेजारच्यांकडे स्थानिक पान, आणि अकराच्या सुमारास अदलाबदल. मी एकदा म्हटलं, टॅब घेऊन देतो, सगळे पेपर फुकट वाचा. बाबा म्हणाले, "मग शेजारचे कशाला येतील?"

दुपारी झोप. चार वाजता कोणी ना कोणी कागद घेऊन येतं. सातबाऱ्यावर नाव चुकलंय, बँकेने अर्ज परत केलाय, पोरीच्या दाखल्यावर जन्मतारीख वेगळी आहे. बाबा चष्मा लावून अर्ज लिहून देतात. सुवाच्य अक्षरात, 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. रिटायर होऊन सतरा-अठरा वर्षं झाली तरी हे ऑफिस बंद नाही. संध्याकाळी वाचनालय. तिथे वाद. आठवड्यातून एकदा आठवडी बाजार, तिथे भाव करायचा आणि घेताना मात्र ओळखीच्याकडूनच घ्यायचं. थंडीत कोणाच्या तरी शेतात रोडग्यांचा बेत: गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि तुपाचा हात सैल. हुरडा पूर्वी सहज मिळायचा. आता जिकडे तिकडे सोयाबीन आणि तूर, ज्वारी शोधावी लागते. पण शोधायची कुठे हे पोस्टमास्तरांना माहीत असतं.

आणि बाबांचा एक खास छंद. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विंध्यशक्तीचा ताम्रपट इथे १९३९ मध्ये उजेडात आला. अजिंठ्याची जी लेणी बघायला जपानहून माणसं येतात, त्यातली कितीतरी ज्या हरिषेणाच्या काळात कोरली गेली तो याच शाखेचा राजा. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते वत्सगुल्मात. म्हणजे साहित्याचं लग्नाचं कार्यालय आमच्या गावात! :-) पाहुणा पुण्याचा असला की बाबा हे सगळं न थांबता ऐकवतात. आणि मग मध्यमेश्वराला नेतात, जिथून पृथ्वीची मध्यरेषा जाते अशी गावाची जुनी समजूत आहे. "ग्रीनविच नंतरचं," असं वर सांगतात.

याला आपण 'साधे आनंद' म्हणतो. 'साधे' हा शब्द मला हल्ली खटकतो. त्यात एक छुपी दया असते. बिचाऱ्यांना थोडक्यात समाधान मिळतं, अशी. अहो, थोडक्यात कुठे? अर्ज लिहून द्यायला लोक येतात त्यामागे छत्तीस वर्षांची नोकरी आहे. तीन पिढ्यांच्या हजेऱ्या घेतल्यात त्या माणसाने. किती मयतींना खांदा दिला, किती लग्नांत आहेर लिहायला बसले, किती पोरांची परीक्षा फी खिशातून भरली. गावाच्या वहीत त्यांच्या नावावर जमा आहे आणि आता ती सावकाश परत येतेय. रात्री दोन वाजता गाडी दारात आली ती त्याच खात्यातून आली. आपण त्यांना उचलून चौदाव्या मजल्यावर ठेवतो तेव्हा ते खातंच बंद करतो. नवीन गावात पंच्याहत्तराव्या वर्षी शून्य शिलकीवर नवीन खातं उघडायला लावतो, आणि वर म्हणतो, तुमच्या भल्यासाठी.

हार्वर्डमध्ये १९३८ पासून काही माणसांच्या आयुष्याचा अभ्यास चालू आहे. त्यातून निघालेली सर्वांत गाजलेली गोष्ट हीच, की म्हातारपणी माणूस कितपत ठणठणीत राहतो यात त्याच्या नात्यांचा वाटा फार मोठा असतो. हे हार्वर्डने सांगितलं की आपण लगेच फॉरवर्ड करतो. पोस्टमास्तर ज्या बाकावर बसतात त्या बाकाकडे मात्र आपल्याला रिकामटेकडेपणा दिसतो.

कायद्याचंही तेच. आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे. त्यात चरितार्थ म्हणजे काय? अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. ठीक आहे, नालायक मुलांसाठी एवढं तरी हवंच. पण आपण स्वतःला लायक समजणारी मुलंसुद्धा नेमकी ही चार खाती भरून मोकळे होतो. पाचवं खातं कोणाशी बोलायचं याचं. ते आपल्या शीटमध्ये नाहीच.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो. ती आमच्याच टेबलावर बसते. ही मंडळी म्हणतात, "एकदम बरोबर बोललास! मी पण पंचेचाळिशीत रिटायर होणार आणि गावी जाणार. शांत आयुष्य, ताजी भाजी, शून्य ट्रॅफिक." यांच्याकडे एक्सेल तयार असतं. वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट रक्कम जमली की राजीनामा. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला मुंबईपर्यंत पूर्ण झाला. तो आमच्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे आता या लोकांना कारंजा आणि मालेगावची नावंही कळली आहेत. (हे मालेगाव वेगळं. नाशिकचं नाही.) मध्यंतरी एकाने मला विचारलं, "तुमच्याकडे इंटरचेंजजवळ प्लॉटला काय भाव आहे?"

मित्रा, प्लॉट मिळेल. फार्महाऊसही होईल. पण तुला जे हवंय ते सातबाऱ्यावर येत नाही. तू तिथे जाऊन कोणाला 'राम राम' करणार? तुझं नाव कोणाला माहीत आहे? मी वाशिममध्ये जन्मलो, दहावीपर्यंत तिथे शिकलो, आणि आज मी तिथे गेलो तर लोक विचारतात, "गुरुजींचा मोठा का तू?" तेवढीच माझी ओळख. बाबांनंतर तीही जाईल. वीस वर्षं गाव सोडून राहायचं, तिथल्या एकाही भानगडीत पडायचं नाही, आणि मग पैसे घेऊन जायचं आणि म्हणायचं की आता मला आपलं माना! त्याला गावी परतणं म्हणत नाहीत, लांबचं हॉटेल म्हणतात.

आणि पैशाचं बोलायचं तर नीट बोलू. बाबांचं हे सगळं निवांत चाललंय त्याच्या तळाशी एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही. पेन्शन. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्म्याच्या आसपास, वर महागाई भत्ता, दर महिन्याला. त्यांना बाजार पडला की चढला हे बघावं लागत नाही, म्हणून ते मध्यमेश्वरावर भाषण देऊ शकतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची ती जुनी पेन्शन गेली. म्हणजे बाबांच्याच शाळेत त्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मास्तरचं म्हातारपण वेगळं असणार आहे. आपल्या खासगीवाल्यांची तर गोष्टच नको. २०१४ मध्ये ठरलेल्या पंधरा हजारांच्या मर्यादेवर पस्तीस वर्षं नोकरी धरली तरी पीएफवाल्या पेन्शनचा हिशोब महिना साडेसात हजारांवर थांबतो. त्या सप्टेंबरनंतर जास्त पगारावर पहिल्यांदा लागलेल्यांना तर त्या योजनेत घेतलंच नाही.

आणि बाबांसोबत फिरायला येणारे ते शेतकरी काका? त्यांना रिटायरमेंट नाहीच. सत्तरी पार केली तरी सकाळचं फिरणं संपवून ते शेतात जातात. ज्याच्याकडे काहीच नाही अशा म्हाताऱ्याला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात, २०२३ मध्ये ती रक्कम हजाराची पंधराशे झाली. महिन्याला पंधराशे. आपल्या इथे दोघांच्या एका रविवारच्या जेवणाचं बिल. तेव्हा 'गावाकडे कमी पैशात माणूस सुखी राहतो' हे वाक्य कृपा करून माझ्यासमोर बोलू नका. कमी पैशात माणूस निभावतो. सुखी राहायला पेन्शन लागते आणि ओळखीची माणसं लागतात, दोन्ही.

आता माझ्या स्वतःच्या म्हणण्याला जे दोन छेद जातात ते लपवत नाही.

पहिला, दवाखाना. त्या रात्री पाऊस जास्त असता, पुलावरून पाणी असतं, तर आज मी हे लिहीत नसतो. हे मला रोज माहीत आहे. फोन रात्री अकरानंतर वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. वाशिमचं नाव नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांत होतं, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक. आकांक्षित म्हणजे मागासलेला, जरा इस्त्री करून. :-) ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, चांगलं झालं. पण कॉलेज सुरू होणं आणि रात्री दोन वाजता योग्य डॉक्टर समोर असणं यात बरीच वर्षं जातात. धोका आहे. पण तो धोका घ्यायचा की नाही हे ठरवणार कोण? ज्याने चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला, त्याला स्वतःच्या छातीचा हिशोब कळत नाही असं मी कोणत्या आधारावर ठरवलं? बाबांनी मला शांतपणे सांगितलं, "तिथे जगलो तर चार वर्षं जास्त जगीन कदाचित. पण करू काय त्या चार वर्षांचं?" मला उत्तर आलं नाही. तुम्हाला आलं तर सांगा.

दुसरा छेद जास्त टोचतो. आई.

वर मी जो दिवस वर्णन केला तो पुन्हा वाचा. त्यात आई कुठे आहे? कुठेच नाही. ती आत आहे, चहा करतेय. बाबा ५८ व्या वर्षी रिटायर झाले. आई झालीच नाही. पेपर बदलायला आलेल्यांचा चहा, अर्जवाल्यांचा चहा, पोस्टमास्तर संध्याकाळी आले तर पोहे. आणि खरं सांगू? पुण्यात ते चार महिने आई खूश होती. स्वयंपाकाला बाई, नातीसोबत टीव्ही, खालच्या बायकांच्या ग्रुपमध्ये भजन आणि भेळ. तिचं वजन वाढलं. परत जायचं ठरलं तेव्हा तिने बॅग भरली, पण एकदाच म्हणाली, "गाव तुझ्या बाबांचं आहे रे. मी फक्त त्या गावाचा चहा करते."

हे ऐकल्यावर माझी सगळी थिअरी कोसळायला हवी होती. नाही कोसळली, पण तिला मोठी चीर गेली. पार, ओटा, कट्टा, वाचनालय... छोट्या गावातले हे सगळे आनंद बहुतेक पुरुषांचे आहेत आणि ते बायकांच्या हातच्या चहावर चालतात. 'आईबाबांना तिथे बरं वाटतं' असं आपण म्हणतो तेव्हा आपण फक्त बाबांना विचारलेलं असतं. आणि 'आईबाबांना इथे आणू या' म्हणतो तेव्हा दोघांनाही विचारलेलं नसतं.

मग मी एक काम केलं, जे आधी करायला हवं होतं. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. त्यातून जे निघालं ते असं. आई वर्षातून दोनदा एकटी पुण्याला येते, मनाला येईल तितके दिवस राहते. एसटीने येते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्या अर्ध्या तिकिटाचा तिला जो आनंद होतो तो माझ्या विमानाच्या तिकिटाने झाला नसता. ती नसते तेव्हा बाबा स्वतः चहा करतात. पोस्टमास्तरांच्या मते तो पिण्यालायक नसतो, पण येणं त्यांनी थांबवलेलं नाही. वाशिमला पोळ्या-भाजीला बाई लावली. बाबांनी आधी नाक मुरडलं, मी ऐकलं नाही. तिथे मी अधिकार गाजवला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आणि मी काय करतो? वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस लॅपटॉप घेऊन वाशिमला जातो आणि तिथून काम करतो. पाहुण्यासारखं श्रीखंड खाऊन परत येत नाही. दवाखान्याचे कागद एका फाइलमध्ये लावले, गाडी चालवणाऱ्या तिघांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिले, त्या तिघांच्या घरी जाऊन बसलो. वाचनालयात पुस्तकं द्यायला गेलो तेव्हा तिथले काका म्हणाले, "पुस्तकं नंतर. आधी छत गळते ते बघा." ते बघतोय. फार काही नाही, पण आता एक-दोन जण मला माझ्या नावाने हाक मारतात.

कारण शेवटी 'तिथे आहेच काय' हा प्रश्न विचारणारे आपण कोण? आपणच ते गाव रिकामं करून आलो. दहावीच्या आमच्या वर्गातले पहिले दहा जण आज पुणे, मुंबई, बंगळूर, दोन अमेरिका. एकही वाशिमला नाही. डॉक्टर झालेले नाहीत, इंजिनिअर झालेले नाहीत, मास्तर झालेलेही नाहीत. आपण निघून यायचं, मग मागे वळून म्हणायचं की इथे काहीच नाही, आणि मग जे उरलेत त्यांनाही उचलून आणायचं. गेलो यात चूक नाही, पोटासाठी सगळेच जातात. पण निदान जे तिथे आहेत त्यांची कीव करू नका.

तर माझं मागणं एवढंच. आणायचं ठरवण्याआधी विचारा, आणि दोघांना वेगवेगळं विचारा. यायचं म्हणाले तर आनंदाने आणा. कितीतरी जणांना खरंच यायचं असतं, गावात त्यांचं कोणी उरलेलं नसतं, आणि त्यांना तिथेच सोडून 'गावची मजा' म्हणणं हाही हलकटपणाच. नाही म्हणाले तर नाही ऐकायला शिका, आणि तुमच्या भीतीचा बंदोबस्त तुम्ही तिथे जाऊन करा.

बाबांची पंच्याहत्तरी उलटली. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी पूर्ण फुकट आहे. इतकी वर्षं अर्ध्या तिकिटावर फिरत होते, आता सुसाट सुटलेत. कारंज्याला गुरुमंदिर झालं, सोहोळचे काळवीट झाले, शिरपूरचं जैन मंदिर झालं, पोहरादेवीला बंजारा समाजाचं नवं संग्रहालय दोनदा बघून झालं. परवा फोन केला तर स्टँडवरच होते. मागून कंडक्टरचा आवाज येत होता. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरांनी फार दगदग करू नका सांगितलंय ना? कुठे निघालात?"

म्हणाले, "रिसोडला."

"रिसोडला काय आहे?"

जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी लागली रे, ठेवतो." आणि ठेवला.